आठ मीटरचं अंगण, एकोणतीस फुटांचे पंख

पहिला हिशेब पैशांचा नव्हता, अंगणाचा होता. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरियांनी 1980च्या दशकात घरं आखली ती सात-सातच्या पुंजक्यांत, आणि मधे साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचं सामाईक अंगण ठेवलं. मला जे विमान बांधायचं होतं त्याचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत एकोणतीस फूट भरतात, म्हणजे 8.8 मीटर. तिरके ठेवले तर मावतात, कारण अंगणाचा कर्ण अकरा मीटरच्या वर जातो. पण त्या कर्णावर समोरच्या काकूंचं तुळशीवृंदावन आहे, दोन स्कूटर आहेत, आणि वृंदावन हलवा म्हणायची माझी छाती नव्हती. नकाशाच्या एका आवृत्तीत पंख तीन तुकड्यांत करायची सोय आहे, मधला छोटा आणि बाजूचे दोन, प्रत्येकी तेरा फुटांच्या आसपास. ती पाहिली आणि मगच घरात विषय काढला.

विमान कुठलं, हे ठरवायला फार वेळ गेला नाही. अ‍ॅल्युमिनियमची, रिव्हेट मारून जोडायची किटं देखणी असतात, पण सगळं परदेशातून मागवायचं, आणि भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत पत्रा ठोकत बसायचं म्हणजे रोज भांडण. फायबरचा वास घरात नको होता. राहिलं लाकूड. लाकडात मी पीटनपोल एअर कॅम्पर निवडलं. बर्नार्ड पीटनपोल हा अमेरिकेत मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह नावाच्या खेड्यातला, स्वतःच शिकलेला मेकॅनिक. 1929 मध्ये त्याने फोर्डच्या मॉडेल ए मोटारीचं इंजिन बसवून हे दोन माणसांचं विमान उडवलं. 1932 मध्ये त्याचे नकाशे एका नियतकालिकात छापून आले आणि तेव्हापासून लोक गोठ्यांत, गॅरेजांत, तळघरांत ते बांधत आलेत. पंख धडाच्या वर, खांबांवर पेललेला. दोन बैठका एकामागे एक, उघड्या. रिकामं वजन 300 किलोच्या आतबाहेर. मंद, जुनाट, तोंडावर वारा खात बसायचं विमान. मला तेच हवं होतं. दोनशे किलोमीटर वेगाची स्वप्नं बघणाऱ्यांचे सांगाडे बहुतेक सांगाडेच राहतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

नकाशे इंचांत आहेत, त्यातही सोळाव्या हिश्शापर्यंत. माझी सगळी नोकरी महाप्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात, मिलिमीटर आणि मायक्रॉनमध्ये गेली, त्यामुळे सुरुवातीला मी सगळं मिलिमीटरमध्ये बदलत बसलो. दिवाळे गावात होड्यांची कामं करणारे एक म्हातारे सुतार आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांना नकाशा दाखवला तर त्यांनी चष्मा वर करून सरळ वाचला. पाव इंच म्हणजे दोन सूत, अर्धा इंच म्हणजे चार सूत, प्लाय अर्ध्या सुताचं. ‘ह्यात कठीन काय हाय?’ त्या दिवसापासून माझ्याही वहीत सूतच आहे.

लाकूड रे रोडच्या वखारींतून आणलं. विमानांसाठी नावाजलेलं लाकूड म्हणजे सिटका स्प्रूस, पण ते मागवायचा खर्च मला झेपणारा नव्हता. डग्लस फर त्याहून जड, पण ताकदीला कमी नाही, आणि विमानदुरुस्तीच्या अमेरिकी नियमपुस्तकात पर्याय म्हणून त्याला मान्यता आहे. आपल्याकडे ते दारं-खिडक्यांसाठी येतं. अडचण ही, की दाराला जे फळकूट उत्तम ते विमानाला चालेलच असं नाही. लाकडाचा रेषा, म्हणजे तंतूंची धाव, पंधरा इंचांत एका इंचापेक्षा जास्त तिरका पळता कामा नये. गाठ नको, डिंकाची पोकळी नको, वर्षांची वलयं दाट हवीत. रेषा डोळ्याला सरळ दिसतो आणि असतो तिरका, म्हणून फळीवर पातळ शाईचा थेंब टाकायचा. शाई ज्या दिशेला धावते तो खरा रेषा. शेठ बराच वेळ माझं शाई टाकणं बघत होते. ‘दरवाजाच करायचाय ना?’ म्हणाले. मी विमान म्हटलं. ‘मग उधारी नाही मिळणार.’

अख्ख्या थप्पीतून स्पारला, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळईला, चालतील अशा फळ्या मोजक्याच निघाल्या. उरलेल्यांपैकी ज्यांत पाच-सहा फूट तरी निर्मळ लाकूड होतं त्या रिबसाठी घेतल्या. रिब म्हणजे पंखाची बरगडी, पुढून मागे पाच फूट लांब. दोन सूत बाय चार सूत पट्ट्यांची वरची आणि खालची कड, मधे उभ्या-तिरप्या काड्या, आणि प्रत्येक सांध्यावर दोन्ही बाजूंनी प्लायचा छोटा तुकडा, म्हणजे गसेट. अशा तीसेक लागतात. एका जाड प्लायवर पूर्ण आकाराचा नकाशा चिकटवला, वर पातळ प्लास्टिक ताणलं, आणि रेषांच्या बाजूने लाकडी ठोकळे ठोकले. हे जिग. पट्ट्या त्यात अडकवायच्या, गोंद लावायचा, गसेट दाबायचे, सुकल्यावर उचलून उलटी बाजू. पुढच्या टोकाशी कड जास्त वाकते, तिथे पट्टी आधी गरम पाण्यात भिजवून वाकवून वाळवावी लागते. हे काम जेवणाच्या टेबलावर चालायचं आणि आम्ही ओट्यावर जेवायचो. एवढं सोडलं तर सांगण्यासारखं त्यात काही नाही. तिसऱ्या-चौथ्या रिबनंतर हात आपोआप चालतात.

प्लायबद्दल मात्र थोडं. गसेटचं बर्च प्लाय दीड मिलिमीटरचं, तीन थरांचं. आपल्या मरीन प्लायच्या मानकात, म्हणजे आयएस 710 मध्ये, तुकडा 72 तास उकळायची कसोटी आहे. मी माझ्या प्लायचेही तुकडे त्याच हिशेबाने उकळायचं ठरवलं. पहिल्या रात्री स्वयंपाकघरात भगुलं ठेवलं तेव्हा बायकोने झाकण उघडून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, ‘ह्याला फोडणी कधी घालू?’ भगुलं मग बाहेरच्या शेगडीवर गेलं. थर सुटले नाहीत.

आता पाऊस. लाकडी विमानाच्या बाबतीत कोकणपट्टीत दुसरा कुठला विषयच नाही म्हटलं तरी चालेल. आमच्या मागे पारसिकचा डोंगर, पुढे खाडी. जून ते सप्टेंबर भिंतींना घाम येतो. लाकूड हवेतलं पाणी ओढून घेतं आणि सोडतं. हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांवर दिवसच्या दिवस राहिली, की लाकडातलं पाणी सतरा-अठरा टक्क्यांवर जाऊन थांबतं. विमानाला ते बारा टक्क्यांच्या आसपास हवं. अठरा टक्क्यांवर सांधा जोडला तर जानेवारीत लाकूड आक्रसतं, आणि आडव्या रेषाचं लाकूड उभ्या रेषाच्या लाकडाला चिकटवलेलं असलं तर दोघांची ओढाताण गोंदाच्या पापुद्र्यावर येते. मामांनी हेच त्यांच्या पद्धतीने सांगितलं: ‘पावसात लाकूड पानी पितं, साहेब. आमची होडी पान्यातच रानार, तिचं जमतं. तुमचं इमान वर जानार.’ स्वतः मामा जून-जुलैत सगळ्यात जास्त कामात असतात, कारण मासेमारी बंद आणि होड्या किनाऱ्याला ओढलेल्या. त्यामुळे माझ्या शंका मे महिन्यातच विचारून घ्याव्या लागत.

गोंदाचंही पावसाशी वैर. दोन भागांचं इपॉक्सी दमट हवेत सुकताना वर मेणचट थर धरतं. तो पाण्याने पुसून, घासून काढला नाही तर पुढचा थर त्याला धरत नाही. उलट मे महिन्यात गरमीने ते वाटीतच फटकन आवळतं. वाटीत जितकं जास्त, तितकं स्वतःच्याच उष्णतेने लवकर. म्हणून एका वेळी दोन-तीन सांध्यांपुरतंच, पसरट झाकणात, तराजूवर वजन करून. अंदाजपंचे ‘सारखंच दिसतंय’ इथे चालत नाही.

एका जुन्या कपाटात साठ वॅटचा बल्ब लावून आतली हवा कोरडी ठेवली, आर्द्रता दाखवणारं घड्याळ टांगलं आणि लाकूड तिथे मुरवलं. हे सगळं केल्यावरही सांधा खरंच धरला की नाही, हे बाहेरून कळत नाही. त्याचं उत्तर एकच, आणि ते मला नोकरीपासून पाठ होतं: नमुना फोडून बघा. गोंदाच्या प्रत्येक घाण्याबरोबर त्याच लाकडाचे दोन ठोकळे त्याच गोंदाने, तितक्याच दाबाखाली चिकटवायचे. त्यावर तारीख, तापमान, आर्द्रता आणि घाण्याचा नंबर. आठवड्याने एक ठोकळा शिकंज्यात धरून हातोडीने फोडायचा. तुटलेल्या तोंडावर सगळीकडे लाकडाचे तंतू उपटलेले दिसले तर पास. गोंदाचा चकचकीत, स्वच्छ पृष्ठभाग दिसला तर तो घाणाच बाद, आणि त्याच्याबरोबर त्या दिवशी जोडलेलं सगळं.

एका ऑगस्टातल्या ठोकळ्याचं निम्मं तोंड आरशासारखं निघालं. त्या घाण्याच्या रिब समोर ठेवल्या, दिसायला अगदी नेटक्या. एकीचे सांधे मुद्दाम तोडून पाहिले. काही इतके घट्ट, की लाकूड चिरलं. म्हणजे बहुधा पुष्कळ सांधे चांगलेच होते. पण ‘बहुधा’ या नोंदीवर मी कारखान्यात साधा बुशसुद्धा पुढे सोडला नव्हता. रिब गेल्या. एक शेजारच्या मुलाने मागून नेली, त्याच्या खोलीत भिंतीवर टांगलेली आहे. त्यानंतर पावसाळ्यात गोंद बंद. ते महिने लोखंडाला दिले: पंखाच्या आणि खांबांच्या जोडपट्ट्या कापणं, भोकं पाडणं, कडा कानशीने घासून गुळगुळीत करणं, आणि शेवटचा ओरखडा पट्टीच्या लांबीला समांतर ठेवणं. आडवा ओरखडा राहिला की तडा तिथूनच सुरू होतो. बोल्ट मात्र मी नागदेवी स्ट्रीटवरून घेतले नाहीत. तिथे काय मिळत नाही, सगळं मिळतं, पण डोक्यावर खूण नसलेल्या बोल्टची ताकद विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. विमानाचे एएन बोल्ट डोक्यावरच्या फुलीने ओळखू येतात, सोबत कागदही येतो. महाग आहेत. असोत.

अमेरिकेत घरी विमान बांधणाऱ्यांची ईएए ही संघटना 1953 पासून आहे, आणि तिचे अनुभवी स्वयंसेवक घरी येऊन काम बघून जातात. मला वाशीचे एक गृहस्थ भेटले, विमान कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. मी त्यांना सर म्हणतो. ते पहिल्यांदा आले तेव्हा हॉलमध्ये धडाची एक बाजू उभी होती, आल्या-गेल्याचं लक्ष वेधून घेणारी. सरांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ‘विमान नंतर. आधी ठोकळ्यांचा डबा दाखवा.’ डबा दाखवला. त्यांनी न फोडलेले ठोकळे काढून स्वतः फोडले, वहीतले नंबर जुळवले, आणि मग चहा घेतला.

रिबच्या वजनचाचणीची कल्पना त्यांचीच. हिशेब सोपा आहे. माणसं, इंधन धरून विमान साधारण 500 किलो. तीस रिबमध्ये वाटले तर सरळ उड्डाणात एकीवर पावणेसतरा किलो. सामान्य वापराच्या छोट्या विमानांना वजनाच्या 3.8 पट भार सोसावा लागतो असं धरतात, म्हणजे 63 किलो. त्यावर दीडपट सुरक्षा, 95 किलो. साडेतीनशे-चारशे ग्रॅमच्या लाकडी जाळीने 95 किलो पेलायचे! शिवाय भार सगळीकडे सारखा नसतो. हवेचा उचल जोर पंखाच्या पुढच्या भागात एकवटतो, म्हणून पुढे जास्त, मागे कमी.

एक जादा रिब मुद्दाम चाचणीसाठीच बांधली होती. अंगणात सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर, जिथे स्पार येतात त्या दोन जागी तिला टेकवली, तीही उलटी, कारण हवा पंखाला वर ढकलते आणि रेती खाली ओढते. नुसती रिब बाजूला कलंडते. पंखात तिला कापड आणि शेजारच्या रिब सावरतात. म्हणून दोन्ही बाजूंना सैल पट्ट्या. एक-एक, दोन-दोन किलोच्या रेतीच्या पिशव्या नाडीच्या फासांनी लटकवायच्या. रविवार होता. सातही घरांतली माणसं ओट्यांवर आली, पोरं मोठमोठ्याने बेरीज करायला लागली. 63ला थांबलो, वाक मोजला, पिशव्या उतरवल्या. रिब पुन्हा जागेवर आली. परत भरायला घेतलं. 80च्या पुढे पोरंही गप्प झाली. 95. सर घड्याळ लावून उभे. समोरच्या काकू म्हणाल्या, ‘अहो, आता पुरे की.’ सर म्हणाले, ‘नाही, मोडू द्या. कुठे मोडते ते कळायला हवं.’ एकशे दहाच्या जरा पुढे पुढच्या स्पारजवळ काडकन आवाज झाला आणि रेती जमिनीवर. सरांनी तुकडे उचलून भिंग लावलं. गसेटच्या कडेला लाकूड मोडलं होतं. सांधा तसाच होता. टाळ्या पडल्या त्या मोडण्याला पडल्या, हे पाहुण्यांना समजावून सांगावं लागलं.

धड सतरा फूट आठ इंच लांब आणि दोन फूट रुंद. अशा कामात घरोघर एक विनोद चालतो, की विमान तयार झालं पण दारातून निघेना. आमचं दार धडाला पुरतं; मी टेप लावल्याशिवाय दाराची चौकट बदलू दिली नव्हती. आता ते ओट्यावरच्या पत्र्याखाली, ताडपत्रीत असतं. शेपटीचे भाग पूर्ण. मधला पंख आणि एक बाजूचा पंख उघड्या सांगाड्याच्या अवस्थेत. पॉलिस्टरचं कापड आधी शेपटीच्या सुकाणूवर चढवून पाहिलं. ते चिकटवून झालं की इस्त्रीने आवळतात, पहिल्यांदा 120 अंश सेल्सिअसच्या आसपास, शेवटी 175. त्याच्या वर गेलं की कापड ढिलं पडायला लागतं. इस्त्रीच्या खटक्यावरच्या ‘सुती’, ‘रेशमी’वर विसंबता येत नाही, तापमापी लावून खुणा कराव्या लागल्या. ती इस्त्री आता घरच्या कपड्यांना मिळत नाही, ही तक्रार रास्त आहे.

इंजिन अजून नाही. ह्याबद्दल प्रत्येक पाहुण्याकडे सल्ला तयार असतो आणि तो एकच असतो: मारुतीचं टाका. सल्ला वेडगळ नाही. सुझुकीची छोटी मोटार-इंजिनं परदेशात हौशी लोकांनी विमानांना लावलेली आहेत, पण मधे वेग कमी करणारा गिअर किंवा पट्टा बसवून. कारण असं: सहा फुटी पंखा, म्हणजे प्रोपेलर, मिनिटाला 2,500 फेऱ्यांनी फिरला तर त्याचं टोक सेकंदाला 240 मीटर जातं. मोटारीचं इंजिन जोर देतं ते 5,500 फेऱ्यांना. पंखा थेट त्यावर बसवला तर टोक सेकंदाला 527 मीटर, आवाजाच्या वेगाच्या दीडपट. नुसता गोंगाट होतो, ओढ मिळत नाही. जुन्या मॉडेल एची गंमत हीच होती, की ते 2,200 फेऱ्यांनाच चाळीस अश्वशक्ती द्यायचं. माझा डोळा दुरुस्त केलेल्या 65 अश्वशक्तीच्या काँटिनेंटल या विमान-इंजिनावर आहे. पैसे साठतील तेव्हा.

दुसरा ठरलेला विषय शिवकर बापूजी तळपदे. 1895 मध्ये त्यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, असं सांगतात. मला ह्या गोष्टीचा राग येत नाही, पण तिला त्या काळचा भरवशाचा पुरावा नाही, आणि ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा आधार देतात त्यातली विमानं उडू शकत नाहीत हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 मध्येच दाखवलंय. मी विषय बदलून कॅप्टन अमोल यादवांवर आणतो. कांदिवलीच्या चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारा माणूस. 2016 मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, नोंदणी मिळाली 2017 मध्ये, उड्डाणाचा परवाना 2019 मध्ये. त्या वर्षांतलं अंतर बघा. विमान तसंच उभं होतं. चालत होता तो कागद.

म्हणून माझी फाईल आत्ताच विमानाच्या निम्म्या जाडीची आहे. वखारीची पावती, शाईच्या खुणांचे फोटो, प्रत्येक घाण्याची नोंद, बोल्टांचे दाखले, त्या रविवारचा तक्ता, सरांची सही. भारतात विमान म्हटलं की नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी, व्हीटीने सुरू होणारी खूण आणि उडण्यापूर्वी परवानगी आली, मग ते लाकडी का असेना. 1934चा कायदा जाऊन 2025च्या 1 जानेवारीपासून भारतीय वायुयान अधिनियम आला, तरी हे बदललेलं नाही. आणि कापड चढलं की पंखाच्या आत कोणालाच डोकावता येत नाही, मग नोंदीच बोलणार.

इथून ते उडणार नाही, हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. खाडीपलीकडे उलव्याला नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर 2025 पासून सुरू झाला, आता मोठी विमानं डोक्यावरून जातात. त्यांच्या आकाशात माझं काम नाही. पंख उतरवून, टेम्पोत घालून घाटावरच्या एखाद्या रिकाम्या धावपट्टीवर न्यायचं, तिथेच जोडायचं, तिथेच तोलायचं. टेम्पोवाला ठरलाय, पट्टी नाही.

सर मागच्या वेळी आले तेव्हा बाजूच्या पंखावर पेन्सिलीने तीन गोल करून गेले. एका जागी खिळ्याचं टोक बाहेर आलेलं, ते काढलं. एका कप्प्यात पाणी साचलं तर निघायला वाट नव्हती, भोक पाडलं. तिसऱ्या गोलात एक गसेट आहे, त्याच्या कडेला गोंद बाहेर आलेला दिसत नाही. आत असेलही. तो छिलून काढायचा आणि नवा बसवायचा, पण आर्द्रतेचं घड्याळ सध्या 88 दाखवतंय. दिवाळीनंतर बघू, तोवर दुसऱ्या पंखाच्या पट्ट्यांना भोकं पाडायची आहेत.